जुना पाइप मागणारा माणूस

मी बसले की खुर्ची खाली जायची. एकदम नाही, हळूहळू. समोरच्या माणसाला उत्पन्नाच्या दाखल्याला कोणती कागदपत्रं लागतात ते सांगायला सुरुवात करावी आणि सांगून होईपर्यंत माझी हनुवटी टेबलाला टेकावी. वसमतला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं सेवा केंद्र आहे. तिथं येणारी माणसं चार ठिकाणी हेलपाटे घालून आलेली असतात, त्यांना तेवढीच करमणूक व्हायची. एक आजोबा तर म्हणाले, "पोरी, सांगता सांगता कुठं चाल्ली?" मी त्यांचा अर्ज भरून दिला, पण हसले नाही.

मी साक्षी. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं आई म्हणते आणि ते खरं आहे. शिवाय मला कोणी फसवू शकत नाही असा माझा पक्का समज होता. हा समज आता उरलेला नाही. तो कसा गेला ते सांगायचं म्हणजे हैदरचाचांबद्दल सांगावं लागेल.

हैदरचाचांचं वय साठीच्या पुढं. वसमतमधल्या सगळ्या फिरत्या खुर्च्या त्यांच्या ओळखीच्या आहेत. सायकलच्या मागं लोखंडी पेटी, पेटीत एक जड हातोडा, हातभर लांब पाइप पाना आणि चिंध्या. डाव्या कानानं त्यांना अजिबात ऐकू येत नाही, म्हणून ते मान तिरपी करून उजवा कान पुढं करतात. मला वाटायचं हे त्यांचं सोंग आहे, कारण चहा घेता का हे त्यांना बरोबर ऐकू यायचं. पूर्वी त्यांचं वारंगा फाट्यावर मोटारसायकलींचे शॉकअप दुरुस्त करायचं दुकान होतं. ते बंद करून वसमतला काहून आले, असं विचारलं की म्हणायचे, "तिथं करमेना." पण दर रविवारी भाजीची पिशवी घेऊन पहिल्या बसनं फाट्यालाच जायचे. करमत नाही आणि दर रविवारी जातात, हे माझ्या हिशेबात बसत नव्हतं.

माझी खुर्ची त्यांनी उलटी केली आणि पाच चाकांच्या स्टँडवर, मधल्या भोकाच्या भोवती, हातोड्याचे ठोके देत गेले. इकडून एक, तिकडून एक. सातव्या-आठव्या ठोक्याला स्टँड गळून पडलं. मग सीटखालच्या पाइपाला पाना लावून जोर दिला आणि काळा पाइप हातात आला.

"एक बी स्क्रू न्हाई?" मी विचारलं.

"न्हाई. दोन्ही टोकं निमुळती असतेत. आत सारायचं आन् वर बसायचं. मानसाच्या वजनानंच गच्च बसतं."

"आन् ह्यो हायड्रॉलिक गेला म्हणजे तेल गेलं का?"

"लोक हायड्रॉलिक म्हणतेत. तेल नावाला. आत ग्यास हाय, नायट्रोजन. ट्रकच्या टायरात हवा असते ना, तिच्या कितीतरी पट दाबून भरलेला."

मी थोडी मागं सरकले. चार वर्षं मी दिवसाचे दहा तास कशावर बसत होते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

"पण आता खाली जातो म्हणजे ग्यास उडून गेला ना?"

"तसं न्हाई, बाई. आतली पॅकिंग झिजली की ग्यास वरून खाली, खालून वर पळतो आन् खुर्ची बसते. पण ऱ्हातो आतच. खुर्ची मेली तरी पाइप जिता असतो." असं म्हणून त्यांनी तो जुना पाइप चिंधीत गुंडाळला आणि पेटीत टाकायला लागले.

इथं माझं डोकं फिरलं. नवीन पाइप मी विकत घेतला होता, जुनाही माझाच होता. आणि गल्लीतल्या दोघातिघांकडून मी ऐकलं होतं की चाचा जुना पाइप कधीच मागं ठेवत नाहीत. कोणी भंगारात घालतो म्हणालं तरी देत नाहीत. माझ्या मनात लगेच सगळं जुळलं. हा माणूस जुने पाइप घासूनपुसून दुसऱ्यांच्या खुर्च्यांना बसवत असणार.

"चाचा, पाइप इथंच ठिवा."

"मला द्या बाई. तुमाला काय कामाचा?"

"कामाचा असो नसो. माझा हाय."

"मी नेतोच समद्यांचे."

"त्येच म्हणून राहिले मी. काहून नेता?"

उजवा कान माझ्याकडं होता, म्हणजे ऐकू आलं होतं. त्यांनी पाइप टेबलावर ठेवला, हात काढला, परत ठेवला. मग म्हणाले, "जाळाजवळ नेऊ नका. तकलीफ होईल." यापलीकडं काही बोलेनात. मला तर खात्रीच पटली. चोरी पकडली की माणूस असाच वेडंवाकडं बोलतो.

जाळाजवळ नेऊ नका हे वाक्य मी ऐकलं होतं. ते मी नीट ऐकलं होतं, हे आज सांगताना मला लाज वाटते. पण रागात असलं की माणूस समोरच्याचं ऐकतो ते फक्त खोडून काढायला.

त्याच दिवशी दुपारी आई बाजारासाठी वसमतला आली. गावाकडं आमची हळद काढून झाली होती आणि दुसऱ्या दिवशी शिजवायला कुकर येणार होता. हा कुकर म्हणजे चाकांवरचं मोठं प्रकरण असतं. खाली भट्टी, वर पाण्याची टाकी, बाजूला हळदीचे दोन ड्रम. भट्टीत लाकडं सारत राहायची, वाफ ड्रममध्ये जाते आणि हळद शिजते. आई म्हणाली, कुकरवाल्याचा निरोप आलाय की भट्टीतली लाकडं ढकलायची सळई वाकली, एखादं मजबूत लोखंड बघून ठेवा.

आणि मी, मला कोणी फसवू शकत नाही असं समजणारी मी, टेबलावरचा पाइप उचलून आईच्या पिशवीत घातला. वर शहाणपणा शिकवला की याचं टोक निमुळतं आहे, घरातल्या जुन्या नळाच्या पाइपात सारून ठोका, गच्च बसेल. हे मला सकाळीच चाचांनी शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला चाचा परत आले. पेटी नव्हती, पाना नव्हता, नुसतेच आले. त्यांना झोप लागलेली नसावी असं वाटत होतं.

"बाई, त्यो पाइप द्या. वाटलं तर दुसरा नवा देतो बदल्यात."

मला हसू आलं. काल चोर वाटत होते, आज वेडे वाटले. "पाइप कामाला लागला, चाचा. गावाकडं हळद शिजून राहिली. भट्टीत लाकडं ढकलायला घेतला बाबांनी."

त्यांनी मान तिरपी केली. "कुठं?"

"भट्टीत."

माणसाच्या तोंडावरचा रंग उतरतो असं आपण म्हणतो. मी तो पहिल्यांदा उतरताना पाहिला. चाचा मटकन खाली बसले, खुर्ची बाजूला असताना फरशीवर बसले, आणि लगेच उठायला लागले. "फोन लावा. आधी फोन लावा. म्हणावं बाहेर काढा, लांब टाका, आन् मानसं लांब करा."

मी बाबांना फोन लावला. माझे वडील सटवाजी, उभ्या आयुष्यात त्यांनी कोणाचं पहिल्या झटक्यात ऐकलेलं नाही. ते म्हणाले, "लय गुणाचा पाइप देला पोरी तू. पह्यला ड्रम उतरला बी." मी ओरडले की तो बाहेर काढा, फुटेल. बाबा म्हणाले, "हा हा, काढतो." आणि फोन ठेवला. बाबांचं हा हा म्हणजे नाही, हे आमच्या घरात लहान लेकराला पण माहीत आहे. परत लावला तर उचललाच नाही.

केंद्राला कुलूप न लावता मी स्कूटी काढली. चाचा मागं बसले. गाव वीस मिनिटांवर आहे आणि त्या वीस मिनिटांत मी त्यांना दहा वेळा विचारलं असेल की फुटतो म्हणजे काय होतं, तुम्हाला कसं माहीत, तुम्ही पाहिलंय का. ते फक्त 'जल्दी चला' म्हणत राहिले. माझ्या हट्टापायी माझा बाप मरणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. रस्त्यात एक ट्रॅक्टर आडवा आला तेव्हा मी त्या माणसाला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शेतात पोचलो तर सगळं शांत आणि नेहमीसारखं. कुकरमधून वाफ निघत होती, शिजलेल्या हळदीचा वास सुटला होता, आई पांढऱ्या ताडपत्रीवर हळद पसरत होती. बाबा लाकडं आणून देत होते. आणि भट्टीच्या तोंडाशी, आमच्या नळाचा लांब पाइप दोन्ही हातांनी धरून, कुकरवाला लाकडं आत सारत होता. त्या पाइपाचं पुढचं टोक विस्तवात होतं. माझ्या खुर्चीचा पाइप होता तो.

कुकरवाल्यानं वळून पाहिलं आणि त्याचं तोंड फुललं. "चाचा! तुमी इकडं कसे?"

चाचा जागेवरच उभे राहिले. मी त्यांच्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. तीस वर्षांचा असेल तो. नंतर कळलं, त्याचं नाव दिपक, वारंगा फाट्याचा. चाचा दर रविवारी ज्या घरी भाजी घेऊन जायचे ते घर त्याचं. पण त्या घडीला मला एवढंच दिसलं की भट्टीसमोर ओळखीचा माणूस निघाला आणि चाचांचा आवाजच बंद झाला.

"दिपक," ते शेवटी म्हणाले, "त्यो पाइप बाहेर काढ बेटा. लांब ने आन् टाकून दे."

"काहून? चांगलं चालून राहिलं."

"काढ म्हन्तो ना!"

"चाचा, लोखंड हाय ते. लोखंडाला काय व्हतंय जाळात?" दिपक हसला आणि पाइप अजून थोडा आत सारला. बाबाही हसले. मी ओरडत होते की ऐका, त्यात गॅस आहे. बाबा म्हणाले, खुर्चीत कुठं गॅस असतो का, टाकीत असतो. हळदीचा दुसरा ड्रम अर्धा शिजला होता, विस्तव कमी झाला तर माल बिघडतो, आणि एक म्हातारा आणि एक तापट पोरगी येऊन काम थांबवा म्हणतात. आमचं कोण ऐकणार?

तेव्हा चाचा भट्टीकडं चालत गेले. मी त्यांचा सदरा धरला, तो सुटला. ते दिपकच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले.

"तुझ्या बापाला यानंच मारलं," ते म्हणाले.

दिपकचे हात थांबले.

"रामकिशनला. त्याच्या वेल्डिंगची ग्यासची टाकी फुटली न्हाई. खताच्या दुकानदाराची खुर्ची आली व्हती माझ्याकडं. पाइप निघंना. मला वाटलं शॉकअपसारखंच असंल. अडकलेलं गरम केलं की सुटतं, आमचं समद्यांचं कामच तसं. मी रामकिशनला म्हणलं, दोन मिन्टं ज्योत धर. त्यो म्हणला, हैदर, आत काय हाय बघ आधी. मी म्हणलं, तेल हाय, धर तू. त्यानं धरली."

एवढं ते एका दमात बोलले. वाफेचा आवाज तेवढा येत होता.

"पर टाकी..." दिपक म्हणाला. "टाकी फुटली म्हणले व्हते समदे."

"टाकी धड उभी व्हती कोपऱ्यात. कोनी पाह्यलीच न्हाई. वेल्डिंगवाला मेला म्हणजे टाकीच फुटली असं लोकच म्हणले. मी गप बसलो. माझा कान गेला, मला बी सहानभूती भेटली."

मी माझ्या आयुष्यात इतकी हादरले नव्हते. ज्या माणसाला मी सोंगाड्या समजत होते त्याचा कान असा गेला होता. ज्याला चोर समजले तो गावभरचे पाइप गोळा करत होता, कारण त्यातला एकही कोणाच्या जाळात जाऊ नये. आणि हे कोणाला सांगता येत नव्हतं, कारण सांगायला गेलं की कसं माहीत हा प्रश्न आलाच असता. मी तो येताना रस्त्यात दहा वेळा विचारला होता.

दिपकनं पाइप बाहेर ओढला. टोक लाल झालं होतं. तो पळाला नाही. लांब दांडा धरून, टोक स्वतःपासून दूर ठेवत, रिकाम्या वावरातून चालत कोरड्या नाल्यापर्यंत गेला आणि तो खाली टाकून परत आला. आम्ही सगळे कुकरच्या मागं बसलो होतो. आईनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडीचे वळ उठले.

आम्ही वाट पाहिली. अर्धा तास तरी झाला असेल. पाइप फुटला नाही.

बाबा म्हणाले, "कायबी झालं न्हाई की." आणि उठून नाल्याकडं निघाले. आईनं त्यांना सदऱ्याला धरून खाली बसवलं. लग्न झाल्यापासून तिनं बाबांना असं कधी बसवलं नसेल. बाबा गप बसले.

मला त्या पाइपाचा भयंकर संताप आला. तो फुटला असता तर निदान दिसलं असतं की चाचांनी आम्हाला वाचवलं. आता दिसत काय होतं? एका म्हाताऱ्या माणसानं चौदा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट ओकून टाकली, आणि बदल्यात नाल्यात एक पाइप पडला होता.

विस्तव विझत आला होता. दुसऱ्या ड्रममधली हळद गेली, पण त्याचं नाव कोणी काढलं नाही. दिपक किती वेळ तरी मातीकडं बघत होता. चाचा त्याच्यासमोर उभे होते, मान तिरपी, उजवा कान पुढं. तो जे काही बोलेल ते ऐकू यावं म्हणून उभे होते. शिव्या दिल्या असत्या तर त्याही त्यांनी नीट ऐकल्या असत्या.

"आईला ठाव हाय?" दिपकनं विचारलं.

"न्हाई."

"दर रविवारी येता. माझ्या शाळेच्या वह्या तुमी आणल्या. तिला न्हाई सांगितलं?"

"न्हाई."

"मंग मला कशाला सांगून राहिले? तिला सांगा. चला."

त्यानं कुकर तिथंच सोडला, मोटारसायकल काढली आणि चालू केली. चाचा मागं बसले. ते गेले त्या वाटेकडं आम्ही तिघं बघत राहिलो. आई म्हणाली, "त्या मानसाला घोटभर पाणी बी देलं न्हाई आपुन." मग मात्र मला रडू फुटलं.

चाचा पाच दिवस आले नाहीत. फोनही बंद होता. त्या पाच दिवसांत मी केंद्रात येणाऱ्या एका माणसावरही ओरडले नाही, आणि खुर्चीवर बसताना दर वेळी खाली वाकून बघायचे. सहाव्या दिवशी सकाळी सायकल दारात लागली.

पेटी होती, पाना होता. पेटीत आमच्या नाल्यातला पाइप होता, काळानिळा पडलेला आणि आता थंड. त्यांनी तो दुसऱ्याच दिवशी जाऊन उचलला होता. "माझ्या अंगणात खड्डा हाय," ते म्हणाले. "समदे तिथंच हायत. ह्यो बी जाईल."

मी त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं. ते नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. माफी मागायचं मी पाच दिवस पाठ केलं होतं, पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"पद्माबाई काय म्हणल्या?" दिपकच्या आईचं नाव मला एव्हाना आईकडून कळलं होतं.

चाचांनी पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "तिला ठाव व्हतं."

मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. या वेळी मीच मान पुढं केली.

"रामकिशन दोन दिवस जिता व्हता दवाखान्यात. त्यानं सांगितलं व्हतं तिला. खुर्चीचा पाइप व्हता, हैदरनं धरायला लावली, समदं. आन् म्हणला व्हता की हैदरला तू व्हऊन इचारू नको, त्यो सांगंल."

"चौदा वर्षं?"

"चौदा वर्सं. म्हणली, दर रविवारी दारात चपला वाजल्या की वाटायचं, आज बोलतील. तुमी पिशवी ठिवायचे आन् निघून जायचे. पयल्या पयल्यांदा लय राग यायचा, म्हणली. ती भाजी तिनं लय दिवस शेजारी वाटून टाकली, घरात शिजवली न्हाई. मला वाटायचं त्या घरात माझी भाजी खातेत."

पद्माबाईंना मी कधी पाहिलेलं नाही. पण चौदा वर्षांचे रविवार किती होतात हे मला तिथं उभ्या उभ्या मोजवेना.

"मंग आता?" मी विचारलं. "येऊ नका म्हणल्या का?"

चाचांनी खुर्चीचा दांडा उगाच वर ओढला, खुर्ची त्यांच्यासकट हळू खाली गेली, त्यांनी अंग उचललं तशी परत वर आली. पाइप चांगला होता.

"म्हणली, येत जा," ते म्हणाले. "पिशवी आणू नका. नुसते या."